सौंदर्याला सवड लागते

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे मंडळाचे कौतुक करायचे, अहवालातले आकडे पुन्हा एकदा सांगायचे आणि अल्पोपाहाराला उशीर होऊ न देता खाली बसायचे, अशी आपली रीत आहे. कौतुक मला मनापासून करायचे आहे, आणि आतल्या खोलीतून उपम्याचा वासही मला येतो आहे. पण या खेपेला चिटणीसबाईंनी मला विषयच नेमून दिला: सुंदर काही पाहिले वा ऐकले की आपल्या मनात आणि मेंदूत काय घडते? मी पुष्कळ वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. तेव्हा हा विषय माझ्या वाट्याला यावा हे साहजिकच होते.

विषय देण्यामागचे कारण आपणां सर्वांना ठाऊक आहे, म्हणून मी ते उघडच बोलते. गेल्या सर्वसाधारण सभेत एक सूचना आली. दर गुरुवारी दुपारी तीन ते चार आपण येथे बसून गाणे ऐकतो, कधी एखाद्या चित्राची मोठी प्रत भिंतीला लावून पाहतो. हा तास बंद करावा आणि ती वेळ शिवणवर्गाला द्यावी, अशी ती सूचना. ती मांडणाऱ्या भगिनींचे म्हणणे मुळीच वावगे नव्हते. शिवणवर्गामुळे काही घरांत चार पैसे येतात. गाणे ऐकून कोणाच्या घरात काय आले? शिवाय निम्म्या जणी म्हणतात, "आम्हांला त्यातले काही कळत नाही, आम्ही आपल्या उगीच बसतो." निर्णय पुढील सभेत व्हायचा आहे. म्हणून आज मी या दोन आक्षेपांना धरूनच बोलणार आहे. एक, गाण्यातले ‘कळणे’ म्हणजे काय? आणि दुसरा, त्याचा ‘उपयोग’ काय?

आधी कळण्याचे पाहू.

एखादी लकेर कानी पडावी आणि हातावर काटा उभा राहावा, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळींना असेल. हा काटा शास्त्रज्ञांच्या फार कामी आला. ‘सुंदर वाटले’ हे माणूस नुसते सांगतो. काटा डोळ्यांना दिसतो, आणि छातीची धडधड व श्वास यंत्रावर मोजता येतात. २००१ साली कॅनडातील माँट्रिअल येथे अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे या दोघांनी संगीत शिकलेल्या दहा जणांना आपापल्या आवडीचे, हमखास काटा आणणारे संगीत घेऊन बोलावले. ते ऐकत असताना त्यांच्या मेंदूतला रक्तप्रवाह कोठे वाढतो, कोठे घटतो हे यंत्राने टिपले. काट्याच्या क्षणी मेंदूचे जे भाग जागे झाले, त्यांत भुकेल्याला अन्न मिळाल्यावर जे जागे होतात तेही होते. विचार करा, गाण्याने पोट भरत नाही, त्याला वास नाही, चव नाही. तरी मेंदू त्याला अन्नाच्या पंक्तीला बसवतो.

दहा वर्षांनी, २०११ साली, त्याच गावी व्हॅलोरी सालिमपूर, झटोरे आणि त्यांचे सहकारी यांनी आणखी बारकाईने पाहिले. मेंदूत डोपामाइन नावाचे एक रसायन आहे. हवीशी गोष्ट मिळताना, आणि ती मिळणार अशी चाहूल लागताना, ते पाझरते. या संशोधकांना असे आढळले की, गाणे ऐकताना ते दोन ठिकाणी, दोन वेळांना पाझरते. एक काट्याच्या ऐन क्षणी. आणि दुसरे त्याच्या थोडे आधी, वेगळ्या जागी, म्हणजे ‘आता येणार, आता येणार’ असे वाटत असताना.

ही गोष्ट भजनात टाळ धरलेल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा फिरत असतात, गायिका ताना घेत कोठल्या कोठे गेलेली असते, आणि आपण सगळ्या मनातल्या मनात समेची वाट पाहत असतो. ती बरोबर समेवर येऊन ठेपते आणि साऱ्यांच्या माना एकदम हलतात. समेइतकीच गोडी समेच्या वाट पाहण्यात आहे. सणाच्या दिवसाइतकाच आदला दिवस आपल्याला आवडतो ना, तसेच हे.

आता येथे एक प्रश्न येतो. वाट पाहायची तर काय येणार हे आधी ठाऊक हवे. ते आपल्याला कोणी शिकवले? आपण तर तीनतालाच्या मात्रा कधी मोजल्या नाहीत. याचे उत्तर बाळांनी दिले. १९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक अखंड माळ केवळ दोन मिनिटे ऐकवली. त्या माळेत मध्ये थांबा नाही, अर्थ नाही. फक्त काही अक्षरे नेहमी एकापाठोपाठ एक येत. दोन मिनिटांनंतर ती बाळे, कोणती अक्षरे नेहमी जोडीने येतात आणि कोणती नाहीत, हे वेगळे ओळखू लागली होती. पुढे असेच प्रयोग स्वरांच्या माळेवर झाले, आणि तेथेही तेच दिसले. म्हणजे कान न सांगता शिकतो. मेंदू आतल्या आत हिशेब ठेवतो, आणि तो हिशेब आपल्याला शब्दांत सांगता येत नाही इतकेच.

म्हणून ज्या भगिनी म्हणतात ‘आम्हांला कळत नाही’, त्यांना माझे विचारणे आहे. गणपतीच्या आरतीत कोणाची टाळी चुकली तर तुमची मान तिकडे वळते की नाही? पाळणा म्हणताना सुनेने एक सूर चढा लावला तर तुम्हांला खटकते की नाही? मग हे कळणे नव्हे तर काय? ज्यांच्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत आल्या, ज्या स्वतः आरत्या, भूपाळ्या, भजने आणि रेडिओवरची नाट्यपदे ऐकत मोठ्या झाल्या, त्यांचे कान अडाणी नाहीत. रागाचे नाव सांगता येणे ही एक विद्या आहे आणि ती आदरणीय आहे. पण रागाची वाट ओळखीची वाटणे हीही विद्याच आहे, आणि ती तुमच्याजवळ आहे.

केवळ ओळखीनेही आवड वाढते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हे दाखवून दिले: अनोळखी शब्द, अनोळखी चिन्हे माणसांसमोर पुनःपुन्हा आणली की ती अधिक बरी वाटू लागतात. पण येथेच थांबले तर तुम्ही म्हणाल, मग काय, रोज कानावर आदळणारी जाहिरातीची धूनही सुंदरच ठरेल! तसे नाही. २०१३ साली इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन चित्रकारांची चित्रे वारंवार दाखवली. एक एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला इंग्रज चित्रकार मिले, आणि दुसरा अमेरिकेतला थॉमस किंकेड, ज्याची गोडगोड झोपड्यांची चित्रे बाजारात तुफान खपली, पण जाणकारांनी नाके मुरडली. किंकेडची चित्रे जितकी अधिक वेळा पाहिली तितकी ती कमी आवडू लागली. मिलेच्या बाबतीत तसे झाले नाही. सवयीने माया जडते हे खरे, पण सवयीने उणेपणही दिसू लागते. सोन्याचा मुलामा रोज वापरला की उडतो, सोने उडत नाही.

आता आणखी एक गोष्ट, जी आपल्या गुरुवारच्या चर्चेत फार उपयोगी पडेल. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड व्हेसल, गॅब्रिएल स्टार आणि नाव्हा रुबिन यांनी सोळा जणांना शंभराहून अधिक चित्रे दाखवली आणि कोणते किती भिडते ते विचारले. सोळांचे एकमत फारसे झाले नाही; एकाला जे भिडले ते दुसऱ्याला नाही. पण मेंदूत मात्र एक समान गोष्ट दिसली. आपण बाहेर बघायचे सोडून स्वतःविषयी विचार करतो, जुन्या आठवणींत शिरतो, तेव्हा मेंदूचे काही भाग जागे असतात. बाहेरच्या कामात लक्ष घातले की ते एरवी मंदावतात. आवडीचे चित्र पाहतानाही ते काहीसे मंदावलेलेच राहिले. पण जे चित्र सर्वांत अधिक भिडले ते पाहताना मात्र त्या भागांनी मान वर केली. म्हणजे ते चित्र भिंतीवरून उतरून माणसाच्या स्वतःच्या घरात शिरले. तेव्हा एखादीला डोळ्यांत पाणी येईल असे चित्र शेजारणीला कोरडे वाटले, तर दोघींपैकी कोणीच चुकलेली नाही.

आणि ज्यांना गाण्याने खरोखरच काही होत नाही, त्यांच्यासाठीही दोन शब्द. २०१४ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी अशा निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना सूर ओळखू येतो, गाणे दुःखी की आनंदी हे कळते, बक्षिसाचे पैसे मिळाले की इतरांसारखाच आनंद होतो; फक्त गाण्याने आनंद होत नाही. पुढे असे दिसले की, त्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि आनंदाचा भाग यांतला दुवा कमी बोलका असतो. तेव्हा ‘अरसिक’ हा शब्द आपण मंडळाच्या बोलण्यातून काढून टाकावा. कोणी गुरुवारी आली नाही तर तिला टोमणा मारू नये. ती कदाचित चित्राच्या दिवशी येईल, कदाचित बागेत रमेल.

इतका वेळ मी मेंदूतल्या जागा सांगितल्या, तेव्हा एक खुलासा करते. यंत्रावर दिसणारे रंगीत ठिपके म्हणजे सौंदर्य नव्हे. चुलीखालचा जाळ कोठे मोठा आहे ते त्यावरून समजते. भाजीची चव समजत नाही. चव खाणाऱ्यालाच विचारावी लागते, आणि या सर्व शास्त्रज्ञांनीही ती विचारलीच.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळते, आणि येथे मला सर्वांत अधिक सांगायचे आहे.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सौंदर्याविषयी पुष्कळ गहन चर्चा केली. (ज्यांना त्यात खोल जायचे असेल त्यांनी रा. भा. पाटणकर यांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा १९७४ सालचा ग्रंथ वाचावा. वेळ लागेल, पण वाया जाणार नाही.) कांटचे दोन विचार घेऊन २०१७ साली न्यूयॉर्कच्या विद्यापीठात एने ब्रीलमान आणि डेनिस पेली यांनी एक साधा प्रयोग केला. पहिला विचार असा की, सौंदर्याला मनाचे व्यापार लागतात. नुसत्या इंद्रियांचे ते काम नव्हे. दुसरा असा की, जिभेचे, स्पर्शाचे सुख ‘सुंदर’ या पदवीला पोचत नाही. लोकांना चित्रे दाखवली, काही सुंदर, काही साधी. चघळायला गोळी दिली. मऊ खेळण्यावर हात फिरवायला सांगितला. आणि विचारले, सुख किती वाटले, सौंदर्य जाणवले का? मग तेच पुन्हा करताना त्यांच्या मनाला एक काम लावले. कानावर एकामागून एक अक्षरे पडत, आणि आताचे अक्षर दोन अक्षरांपूर्वीच्या अक्षरासारखेच आहे का, हे सतत लक्षात ठेवून सांगायचे.

निकाल असा लागला. मन कामाला जुंपले तेव्हा साध्या गोष्टींचे साधे सुख जवळजवळ तसेच राहिले. पण जे एरवी सुंदर वाटले होते त्याचे सौंदर्य कमी झाले. कांटचा पहिला विचार टिकला. दुसरा मात्र टिकला नाही. पुष्कळांनी सांगितले की, गोळी चघळतानाही आम्हांला सौंदर्य जाणवले. तेव्हा आपल्या पुरणपोळीला, भगिनींनो, कोणीही खालच्या पंगतीला बसवू नये!

हा प्रयोग मी वाचला तेव्हा मला प्रयोगशाळा दिसली नाही, आपले स्वयंपाकघर दिसले. दोन अक्षरांपूर्वी काय आले होते ते लक्षात ठेवायचे, ही तर आपली रोजची स्थिती. कुकरच्या किती शिट्या झाल्या, दूध कधी लावले, मुलाची शिकवणी किती वाजता सुटते, सासऱ्यांची दुपारची गोळी दिली की राहिली. हात काम करतात त्याचे एवढे नाही. मन कधी मोकळे नसते त्याचे आहे. रेडिओ चालू असतो, गाणेही चांगले असते, पण ते आपल्यापर्यंत येतच नाही. आणि वर्षानुवर्षे असे झाले की बाई म्हणते, "मला गाण्यातले काही कळत नाही." तिला कळण्याची उणीव नव्हती, भगिनींनो, तिला सवडीची उणीव होती.

आपल्या गुरुवारच्या तासाला येणाऱ्या एका वयोवृद्ध काकूंनी मागे मला एक वाक्य सांगितले. त्यांची परवानगी घेऊनच, नाव न घेता, सांगते. त्या म्हणाल्या, "बाई, लग्नानंतरच्या अठ्ठेचाळीस वर्षांत एक गाणे बसल्या जागी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, ते येथे." त्यावर मला काही बोलता आले नाही. ‘या तासाने कोणाच्या घरात काय आले’ या प्रश्नाला मजजवळ याहून चांगले उत्तर नाही.

हे काही पाश्चात्त्यांनीच शोधले असे नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात अभिनवगुप्त नावाचे थोर आचार्य होऊन गेले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना त्यांनी रसाच्या आस्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक असे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे. ज्याचे मन स्वतःच्या विवंचनेत बांधलेले आहे, त्याला समोरचा रस चाखता येत नाही. आणि यावर त्यांनी प्रेक्षकाला बोल लावला नाही. त्यांनी उपाय सांगितला: गायन, वादन, मंडपाची सजावट. यांनी मन निवळते, आणि जो सहृदय नाही तोही सहृदय होतो. म्हणजे रसिकता ही काही निवडक माणसांना जन्मतः मिळालेली देणगी नव्हे. तिच्यासाठी जागा करावी लागते, मांडव घालावा लागतो. आपला गुरुवारचा तास हा असाच एक लहानसा मांडव आहे.

उपयोगाविषयी बोलताना खोटे आश्वासन मात्र मी देणार नाही. १९९३ साली अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकल्यावर आकृतींची कोडी त्यांना थोडी अधिक चांगली सुटली. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला, पण बातमी अशी पसरली की, संगीताने मुले हुशार होतात. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीत पाठवण्याची योजना मांडली! पुढच्या अभ्यासांत दिसले की, त्यात मोझार्टची जादू नव्हती. मन प्रसन्न आणि जागे झाले की तेवढ्यापुरती कोडी बरी सुटतात, इतकेच. तेव्हा गाणे ऐकून नातवंडे गणितात पहिली येतील, असे मी म्हणणार नाही. शिवणवर्ग पोटाला उपयोगी आहे. हा तास त्या अर्थाने उपयोगी नाही. दिवसाचे सगळे तास कशाच्या तरी उपयोगी पडणाऱ्या बाईला एक तास असा असावा, की ज्यात ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही, एवढेच माझे मागणे आहे.

आता नुसते बोलून काम होत नाही, म्हणून चार सूचना करते. कार्यकारिणीने विचार करावा.

पहिली: शिवणवर्गाला वेळ हवीच आहे, तर ती गुरुवारी न घेता मंगळवारी दुपारी घ्यावी. त्या दिवशी सभागृह रिकामे असते, आणि किल्ली उघडायला मी येईन.

दुसरी: गुरुवारी दाराशी एक टोपली ठेवावी आणि मोबाइल बंद करून त्यात टाकावेत. घरी सांगून यावे की चार वाजेपर्यंत आई नाही. हातात वाती वळायला हरकत नाही. हात चालतात आणि मन मोकळे राहते. पण टाके मोजावे लागतील असे विणकाम आणू नये. हा माझा तर्क आहे, पण न्यूयॉर्कच्या प्रयोगाशी तो जुळतो.

तिसरी: दर वेळी नवे काही ऐकवण्याचा हव्यास नको. एकच ध्वनिमुद्रण लागोपाठ तीन गुरुवार लावावे. पहिल्यांदा वाट अनोळखी असते, तिसऱ्यांदा आपण वळणाची वाट पाहू लागतो. आणि जर ते हिणकस असेल, तर तिसऱ्यांदा तेही कळेल.

चौथी: ऐकून झाल्यावर ‘कळले का?’ असे कोणी कोणाला विचारू नये. विचारायचेच तर ‘तुम्ही कोठे थबकलात?’ असे विचारावे. या प्रश्नाला चूक उत्तर नसते, त्यामुळे मागच्या रांगेतलीही बोलू लागते.

निर्णय आपण सर्वांनी मिळून घ्यायचा आहे, आणि तो जो होईल तो मला मान्य असेल. आपल्या मंडळाने आजवर आम्हां बायकांना पुष्कळ दिले: हातांना काम दिले, अडीअडचणीला उसनवार दिली, आजारपणात सोबत दिली. त्याबरोबर आठवड्यातली एक मोकळी दुपारही दिली आहे. ती मंडळाने आपल्या हाताने परत घेऊ नये, एवढी विनंती करते.